गव्हाणीतला नाताळ

इटलीतील नेपल्स शहरात सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक अरुंद गल्ली आहे. तिच्या दुतर्फा येशूजन्माच्या देखाव्याला लागणाऱ्या मूर्तींची दुकाने आहेत. मेंढपाळ, देवदूत, पूर्वेकडचे तीन राजे, इतकेच काय, पण फुटबॉलपटूसुद्धा तेथे मातीत घडवून विकले जातात. डिसेंबरात त्या गल्लीत पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. ज्या सत्पुरुषाशी या देखाव्यांची परंपरा जोडली जाते, त्यांना मात्र गवत, एक बैल आणि एक गाढव एवढे साहित्य पुरले होते.

संत फ्रान्सिस यांचा जन्म मध्य इटलीतील असिसी गावी ११८१ च्या सुमारास एका धनाढ्य कापडव्यापाऱ्याच्या घरी झाला. उंची वस्त्रे, मेजवान्या, मित्रांचा घोळका आणि सढळ हात यांत त्यांचे तारुण्य सरत होते. १२०२ मध्ये शेजारच्या पेरूजा नगराशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले. सुमारे वर्षभराचा बंदिवास घडला, मागोमाग आजारपण आले आणि मन पालटू लागले. सान दामियानोच्या पडक्या चर्चच्या डागडुजीसाठी त्यांनी पित्याचे कापड विकले, घोडाही विकला. संतापलेल्या पित्याने त्यांना बिशपांपुढे उभे केले, तेव्हा पैसे तर त्यांनी परत केलेच, पण अंगावरची वस्त्रेही उतरवून पित्याच्या स्वाधीन केली. इंद्रायणीत कर्जखते बुडविणाऱ्या तुकोबांचे स्मरण येथे मराठी वाचकास झाल्यावाचून राहणार नाही. तेही वाण्याच्या दुकानातलेच.

पुढे कुष्ठरोग्यांची सेवा आणि दारोदार भिक्षा हाच त्यांचा संसार झाला. १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांच्या संघाला तोंडी मान्यता दिली.

अशा विरक्ताला सणाचे वावडे असेल असे कोणास वाटेल. परंतु नाताळ त्यांना सर्व सणांहून प्रिय होता. त्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना व गाढवांना नेहमीपेक्षा अधिक वैरण द्यावी, चंडोलांसाठी वाटांवर धान्य टाकावे, असा हुकूम सम्राटाने काढावा ही त्यांची इच्छा होती. पोळ्याला बैलास पुरणपोळीचा घास देणाऱ्या घरांत ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

१२२३ च्या नाताळापूर्वी पंधरा दिवस त्यांनी ग्रेचो येथील जोव्हान्नी नामक सरदारास बोलावून घेतले. बेथलेहेमच्या बालकाचे दैन्य, गवतावरची त्याची शेज, हे सारे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची ओढ त्यांना लागली होती. डोंगरातील त्या एकांतस्थळी गव्हाणी ठेवली गेली, गवत पसरले, जनावरे आणून बांधली. रात्री गावकरी स्त्रीपुरुष मेणबत्त्या व मशाली घेऊन आले. गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिसनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले; बेथलेहेम हा शब्द उच्चारताना त्यांचा स्वर कोकराच्या बेंबें करण्यासारखा होई, असे त्यांचा चरित्रकार सांगतो. सण संपल्यावर ते गवत लोकांनी जपून ठेवले व आजारी गुरांना चारले. गोव्यात आजही नाताळात घरोघरी गोठा मांडतात, त्याचे मूळ त्या रात्रीकडे जाते.

त्याच ठिकाणचा आणखी एक प्रसंग आहे. एका ग्रंथात तो नाताळचा आहे, दुसऱ्यात ईस्टरचा. सणानिमित्त शिष्यांनी मेजावर शुभ्र वस्त्र अंथरले, काचेचे पेले मांडले. ते पाहून फ्रान्सिस हळूच बाहेर गेले, एका भिकाऱ्याची टोपी डोक्यावर व काठी हाती घेऊन दारात उभे राहिले आणि गरीब यात्रेकरूसाठी भिक्षा मागू लागले. अन्न मिळताच चुलीजवळ जमिनीवर बसून जेवू लागले. दारोदार भिक्षा मागणाऱ्यांचे ताट असे असते काय, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शिष्यांपैकी काहींच्या डोळ्यांत पाणी आले. राग नाही, उपदेशाचे लांबण नाही. जेवणाऱ्यांच्या घशाखाली घास कसा उतरला असेल कोण जाणे.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी, उघड्या जमिनीवर ठेवून घेऊन, त्यांनी देह ठेवला. १२२८ मध्ये ते संत घोषित झाले आणि त्याच वर्षी असिसीत त्यांच्या समाधीसाठी भव्य मंदिराची पायाभरणी झाली. शतकाच्या अखेरीस त्याच्या भिंतींवर त्यांचे चरित्र रंगविण्यात आले. त्यात ग्रेचोचाही देखावा आहे. पण तेथला डोंगर चित्रात नाही. चितारलेले आहे ते एक अलंकृत चर्च. बैल आणि गाढव गव्हाणीपाशी अगदी लहानसे बसले आहेत, आणि गावातल्या बायका मागे, दाराच्या उंबरठ्यावरून डोकावताना दिसतात.