कॅप्टन मॅथ्यूसन आणि खेळाची सचोटी

अमेरिकेत बेसबॉलच्या थोर खेळाडूंसाठी 'हॉल ऑफ फेम' नावाचे सन्मानदालन आहे. १९३६ साली त्यासाठी पहिल्या पाच खेळाडूंची निवड झाली. त्यांपैकी चौघे त्या वेळी हयात होते. पाचवे दहा वर्षांपूर्वीच क्षयरोगाने वारले होते. त्यांचे नाव ख्रिस्टी मॅथ्यूसन. त्यांचे विक्रम मोठे आहेतच, पण आपण कॅडेट्सनी त्यांची ओळख करून घ्यावी याचे कारण वेगळे आहे. आपल्याच संघातला एक खेळाडू सट्टेबाजांसाठी सामने हरतो आहे हे त्यांनी ओळखले, वरिष्ठांना कळवले आणि मग तो विषय तसाच सोडून ते सैन्यात दाखल झाले.

मॅथ्यूसन यांचा जन्म १२ ऑगस्ट १८८० रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील फॅक्टरीव्हिल या छोट्या गावी झाला. पुढे ते बकनेल विद्यापीठात शिकले. तिथे ते अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल खेळत आणि आपल्या वर्गाचे अध्यक्षही होते. त्या काळी धंदेवाईक बेसबॉलपटूंना समाजात फारसा मान नव्हता. दारू, मारामाऱ्या आणि शिवीगाळ यांसाठी ते प्रसिद्ध होते. शिकलेल्या, चांगल्या घरच्या मुलाने या धंद्यात पडावे हे अनेकांना आवडत नसे. मॅथ्यूसन यांनी आईला शब्द दिला होता की रविवारी आपण खेळणार नाही. तो त्यांनी कारकिर्दीभर पाळला.

१९०० साली ते न्यूयॉर्क जायंट्स या संघात आले. ते पिचर होते. बेसबॉलमधला पिचर म्हणजे साधारणपणे आपला गोलंदाज, फक्त तो चेंडूचा टप्पा पडू न देता सरळ फलंदाजाकडे फेकतो. मॅथ्यूसन सहा फुटांहून उंच होते. त्यांच्याकडे एक खास चेंडू होता. तो फलंदाजाजवळ येताना नेहमीच्या वळणाच्या उलट दिशेला वळून खाली जाई. आपल्या गुगलीची आठवण व्हावी असाच तो प्रकार. त्या चेंडूने हात फार दुखत असल्यामुळे ते तो एका सामन्यात थोड्याच वेळा टाकत.

१९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांनी जे केले ते आजही कोणाला जमलेले नाही. सहा दिवसांत ते तीन संपूर्ण सामने खेळले आणि तिन्हींमध्ये प्रतिस्पर्धी फिलाडेल्फिया संघाला एकही धाव करू दिली नाही. १९०८ च्या एकाच मोसमात त्यांनी ३७ सामने जिंकले. कारकीर्द संपली तेव्हा त्यांच्या नावावर ३७३ विजय होते. सोंगट्यांचा चेकर्स हा खेळही ते उत्तम खेळत, एकाच वेळी अनेक प्रतिस्पर्ध्यांशी. लहान मुले त्यांना आदर्श मानत. बेसबॉलकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलण्यात त्यांच्या वागणुकीचा मोठा वाटा होता.

पण याच खेळाला आतून कीड लागली होती. मैदानांत सट्टेबाज उघडपणे बसत. खेळाडूंना पगार मालक ठरवेल तोच मिळे आणि संघ सोडून दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य त्यांना नव्हते. अशा खेळाडूला गाठून पैसे देऊ करणे सट्टेबाजांना अवघड नव्हते. पूर्वी १८७७ साली लुईव्हिल संघाच्या चार खेळाडूंना सामने हरल्याबद्दल आजन्म बंदी झाली होती. नंतरच्या वर्षांत मात्र अशी प्रकरणे बहुतेक वेळा दाबून टाकली जात. मालकांना भीती वाटे की गवगवा झाला तर प्रेक्षक येणार नाहीत.

१९१६ च्या जुलैमध्ये मॅथ्यूसन सिनसिनाटी रेड्स संघाचे व्यवस्थापक झाले. बेसबॉलमध्ये कोण खेळणार आणि डाव कसा आखायचा हे व्यवस्थापक ठरवतो. त्या संघात हॅल चेस नावाचा खेळाडू होता. तो फर्स्ट बेसवर क्षेत्ररक्षण करी आणि त्या जागेवरचा तो त्या काळातला सर्वांत चपळ खेळाडू समजला जाई. १९१६ साली तो त्यांच्या लीगमधला अव्वल फलंदाजही ठरला. मात्र त्याच्याबद्दल बरीच वर्षे कुजबुज होती. न्यूयॉर्कच्या आधीच्या संघातही व्यवस्थापकाने त्याच्यावर सामने हरल्याचा आरोप केला होता. तेव्हा जावे लागले ते व्यवस्थापकाला, चेस तिथेच राहिला.

फर्स्ट बेसवरच्या खेळाडूला लबाडी करणे किती सोपे असते हे समजून घेण्यासारखे आहे. इतर क्षेत्ररक्षक चेंडू अडवून त्याच्याकडे फेकतात. तो बेसवर वेळेत पोहोचला तर फलंदाज बाद. तो मुद्दाम क्षणभर उशिरा पोहोचला तर चेंडू मागे निघून जातो, आणि पाहणाऱ्यांना वाटते की फेकणाऱ्यानेच चूक केली. म्हणजे लबाडी एकाची आणि नाव खराब होते प्रामाणिक सहकाऱ्याचे. प्रेक्षकांना हे दिसत नाही. पण सतरा वर्षे मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या मॅथ्यूसन यांच्या नजरेतून ते सुटले नाही.

संघातल्या काही खेळाडूंनीही त्यांना सांगितले की चेसने आपल्याला पैशांचे आमिष दाखवले. ऑगस्ट १९१८ मध्ये मॅथ्यूसन यांनी चेसला निलंबित केले. मन लावून न खेळणे हे त्याचे अधिकृत कारण होते. संघ मध्येच आपला उत्तम खेळाडू गमावणार हे त्यांना ठाऊक होते. हातात पक्का पुरावा नाही हेही ठाऊक होते.

त्याच महिन्यात त्यांनी संघ सोडला आणि ते सैन्यात गेले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे वय ३८ होते, घरी पत्नी आणि मुलगा होता. तरीही ते रासायनिक युद्ध विभागात कॅप्टन म्हणून दाखल झाले. टाय कॉब आणि ब्रँच रिकी ही बेसबॉलमधली नामवंत मंडळीही त्याच विभागात होती. विषारी वायूपासून बचाव कसा करायचा हे सैनिकांना शिकवणे हे त्यांचे काम होते. फ्रान्समध्ये अशाच एका सरावात, बंद खोलीत खरा वायू सोडलेला असताना, मुखवटे वेळेवर लावले गेले नाहीत आणि मॅथ्यूसन यांच्या फुफ्फुसात वायू गेला, असे कॉबने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. त्यानंतरही मॅथ्यूसन काही महिने फ्रान्समध्येच होते.

इकडे अमेरिकेत जानेवारी १९१९ मध्ये नॅशनल लीगचे अध्यक्ष जॉन हायडलर यांनी चेसची चौकशी केली. चेस वकील घेऊन हजर होता. आरोप करणारे मॅथ्यूसन समुद्रापलीकडे गणवेशात होते. त्यांचे फक्त प्रतिज्ञापत्र आले. हायडलर यांना चेसचा संशय नव्हता असे नाही, पण पुरावा पुरेसा नाही म्हणून त्यांनी त्याला सोडून दिले. यात भर म्हणजे जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मग्रॉ यांनी चेसला लगेच आपल्या संघात घेतले. मग्रॉ हे मॅथ्यूसन यांचे जवळचे मित्र. एके काळी दोन्ही कुटुंबे न्यूयॉर्कमध्ये एकाच घरात राहत. युद्धावरून परतल्यावर मॅथ्यूसन यांना मग्रॉ यांनीच साहाय्यक म्हणून बोलावले. ज्याच्यावर आरोप केला आणि जो निर्दोष सुटला, त्याच माणसाबरोबर १९१९ च्या मोसमात त्यांना एकाच संघात राहावे लागले. बाहेरच्यांना वाटले असेल की मॅथ्यूसन खोटे ठरले.

ते खोटे ठरले नव्हते. बॉस्टनच्या एका सट्टेबाजाने चेसला दिलेल्या ५०० डॉलरच्या धनादेशाचा पुरावा हायडलर यांच्या हाती लागला. १९१९ नंतर चेस मोठ्या लीगमध्ये पुन्हा कधीच दिसला नाही. १९२० च्या जूनमध्ये एका खटल्यात रेड्सचा माजी खेळाडू ली मगी याच्या आणि त्या सट्टेबाजाच्या साक्षी झाल्या. १९१८ साली मगी आणि चेस यांनी आपल्याच संघाविरुद्ध पैसे लावले होते, हे त्यातून उघड झाले. त्या वेळी त्या संघाचे व्यवस्थापक मॅथ्यूसनच होते.

मधल्या काळात त्याहून मोठे प्रकरण घडले होते. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स आणि सिनसिनाटी रेड्स समोरासमोर आले. शिकागो जिंकणार असे बहुतेकांना वाटत होते, पण सट्टेबाजारात अचानक सिनसिनाटीवर पैसे लागू लागले. ह्यू फुलर्टन नावाच्या क्रीडापत्रकाराला संशय आला. त्याने मॅथ्यूसन यांना पत्रकारांच्या कक्षात शेजारी बसवले आणि संशयास्पद वाटेल त्या खेळीभोवती धावपत्रिकेवर खूण करायला सांगितले. खुणा होत गेल्या. शिकागो ५-३ असे हरले.

वर्षभराने सत्य बाहेर आले. शिकागोच्या आठ खेळाडूंवर ठपका आला. पिचर एडी सिकॉट याने १०,००० डॉलर घेतल्याचे कबूल केले. १९२१ च्या ऑगस्टमध्ये ज्यूरीने सर्वांना निर्दोष सोडले. पण दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे आयुक्त न्यायमूर्ती केनेसॉ लँडिस यांनी आठही जणांवर आजन्म बंदी घातली. त्यांत बक वीव्हर हाही होता. त्याने पैसे घेतल्याचे सिद्ध झाले नाही आणि मालिकेत तो उत्तम खेळला होता. मात्र कट त्याला माहीत होता आणि तो गप्प राहिला.

वीव्हरची शिक्षा वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. आपण वसतिगृहात राहतो. मित्राचे नाव सांगणे याला आपल्याकडे चहाडी म्हणतात आणि चहाडखोराला कोणी जवळ करत नाही. वीव्हरने कदाचित हाच विचार केला असेल. आपण नीट खेळलो, आपले काम झाले, दुसऱ्यांचे आपल्याला काय? पण संघात एक जण खोटे खेळत असेल, तर बाकीच्यांचा घाम वाया जातो आणि चुकीचा डाग त्यांच्यावर येतो. चेसच्या बाबतीत तेच घडत होते. स्वतःचा फायदा व्हावा किंवा दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून कोणी नाव सांगत असेल तर ती चहाडी. ज्यांचे नुकसान होते आहे त्यांच्यासाठी योग्य माणसाला समोरून सांगणे हे कर्तव्य आहे. पहारेकरी झोपलेला दिसला तर त्याचा मित्रही गप्प बसू शकत नाही, कारण धोका सगळ्या तुकडीला असतो.

आज हा विचार नियमात लिहिलेला आहे. अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या संघाच्या खोलीत नियम क्रमांक २१ भिंतीवर लावलेला असतो. ज्या सामन्याशी आपला संबंध नाही त्यावर पैसे लावले तर एक वर्षाची बंदी, आणि ज्यात आपले कर्तव्य आहे त्यावर लावले तर कायमची. कोणी लाच देऊ केली आणि खेळाडूने ते लगेच कळवले नाही, तर तोही गुन्हाच. क्रिकेटमध्येही असेच आहे. २०१९ साली बांगलादेशचा कर्णधार शाकिब अल हसन याला दोन वर्षांची बंदी झाली, त्यातले एक वर्ष स्थगित ठेवले गेले. त्याने सामना हरवला असा आरोप नव्हताच. सट्टेबाजाने संपर्क साधला हे त्याने कळवले नाही, एवढाच त्याचा दोष होता.

कोणी विचारेल, स्वतःचा संघ जिंकेल म्हणून पैसे लावले तर काय बिघडले? बिघडते. रोज पैसे लावणारा खेळाडू ज्या दिवशी लावत नाही, त्या दिवशी सट्टेबाजाला कळते की आज संघ कच्चा आहे. तो कर्जात बुडाला तर कर्ज फेडायला सामनाच मागितला जातो. मॅथ्यूसन पत्ते आवडीने खेळत. पण पत्त्यांचा डाव तुमचा स्वतःचा असतो, सामना संघाचा आणि प्रेक्षकांचा.

१९२० साली मॅथ्यूसन यांना क्षयरोग झाल्याचे निदान झाले. वायूने फुफ्फुसे कमजोर झाली होती असे अनेकांचे मत होते. त्यांचा एक भाऊही क्षयानेच गेला होता, त्यामुळे नेमके कारण सांगता येत नाही. सॅरॅनॅक लेक येथील थंड हवेत त्यांनी उपचार घेतले, थोडे बरे वाटताच १९२३ मध्ये बॉस्टन ब्रेव्ह्ज संघाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पुन्हा आजारी पडले. ७ ऑक्टोबर १९२५ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी वर्ल्ड सिरीज सुरू झाली होती. पुढच्या सामन्यात दोन्ही संघांचे खेळाडू दंडावर काळी फीत बांधून उतरले.

चेसला सोडून दिले गेले तेव्हा मॅथ्यूसन यांना चिडून बोलता आले असते, खेळ सोडून देता आला असता. त्यांनी यातले काही केले नाही. जे पाहिले ते त्यांनी नाव घालून लिहून दिले, निकाल मान्य केला आणि आपले काम चालू ठेवले. आपल्या आंतर-हाउस सामन्यांत कोणी डॉलर लावत नाही. तरी चेंडू बॅटला लागलेला आहे की नाही हे पंचाच्या आधी आपल्याला माहीत असते. सचोटीची सुरुवात तिथूनच होते.