कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि आमचें पंचांग

नेरच्या बाजारपेठेंत असें दुकान विरळाच कीं, जेथें गादीमागच्या भिंतीवर पंचांग किंवा दिनदर्शिका टांगलेली नाहीं. एकादशी केव्हां, लग्नाचा मुहूर्त कोणता, दिवाळीचें वहीपूजन किती वाजतां, मृग नक्षत्र कधीं लागतें आणि कपाशीचें बियाणें केव्हां बाहेर काढावें, हें सर्व आम्ही त्याच्याच आधारें ठरवितों. परंतु ज्या व्यापाऱ्याच्या खतावणींत दोन रुपयांचा फरक निघाला तर मुनीमजींस अर्धी रात्र जागावें लागतें, तोच व्यापारी पंचांगांतील आंकडे कोणीं व कशावरून काढले याची विचारपूस जन्मांत एकदांही करीत नाहीं. ही विचारपूस ज्या एका मराठी शाळामास्तरानें आयुष्यभर केली आणि त्या निमित्तानें आपल्या देशांतील एका शास्त्राचा समग्र इतिहास लिहून ठेविला, त्या कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरुड या गांवीं झाला. त्याच्या दोनच महिने आधीं, मे १८५३ मध्यें, निजामानें आमचा वऱ्हाड प्रांत तहानें इंग्रजांच्या स्वाधीन केला होता. मुलूख तर हातचा गेलाच होता. शिवाय आमच्या पूर्वजांचें ज्ञान अस्सल किती आणि उसनवार किती, याचा निवाडा सातासमुद्रांपलीकडील पंडित करूं लागले होते. आमच्याच विद्येचा खटला परक्या न्यायासनापुढें चालला होता आणि आमच्या बाजूचे कागद नीट वाचून दाखविणारीं माणसें फार थोडीं होतीं.

दीक्षितांचें शिक्षण मुरुडच्या मराठी शाळेंत व पुढें पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत झालें. मॅट्रिक्युलेशनची परीक्षा ते उत्तीर्ण झाले, पण विश्वविद्यालयाची पदवी त्यांस कधींच मिळाली नाहीं. त्यांनीं जन्मभर शिक्षकाची नोकरी केली. रेवदंडा, ठाणें, बार्शी, धुळें आणि शेवटीं पुणें, अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. या नांवांकडे वाचकांनीं मुद्दाम लक्ष द्यावें. बार्शी हें आमच्या नेरसारखेंच पेठेचें गांव. तेथें वेधशाळा नव्हती, मोठें ग्रंथालय नव्हतें, चर्चेस विद्वानांची सभा नव्हती. दिवसा मुलांस शिकवावें आणि उरलेल्या वेळांत जुन्या पोथ्या मिळवून त्यांतील गणित स्वतः करून पाहावें, असा त्यांचा क्रम होता. सामान्य वाचकांस आकाशाची ओळख व्हावी म्हणून सोप्या मराठींत 'ज्योतिर्विलास' हें पुस्तकही त्यांनीं याच धकाधकींत लिहिलें.

त्या काळीं महाराष्ट्रांतील बहुतेक पंचांगें 'ग्रहलाघव' या ग्रंथावरून होत असत. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं तो शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, रचला. त्यांनीं अवजड गणित टाळून ग्रह काढण्याची इतकी सोपी रीत दिली कीं, खेड्यांतल्या जोशासही पंचांग करितां येऊं लागलें. परंतु कोणतेंही मान शेंकडों वर्षें न तपासतां चालविलें म्हणजे त्यांत बारीक चूक सांचत जाते. तीनशें वर्षांनंतर पंचांगांत छापलेली ग्रहणाची वेळ आणि आकाशांत दिसणारी वेळ यांचा मेळ बसेना. तेव्हां प्रो. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० मध्यें 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध करून नवीं मानें मराठींत आणिलीं, आणि पुढें त्यांच्या आधारें पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. यावर मोठा वाद माजला. पूर्वजांचें गणित बदलणें हा अधर्म होय, असें जुन्या पक्षाचें म्हणणें पडलें. उलट नव्या पक्षांतील कित्येकांस जुन्या ग्रंथांत राखण्याजोगें कांहीं आहे, असेंच वाटेना.

दीक्षितांनीं या वादांत पोथ्या उघडून पाहिल्या, आणि तेथें त्यांस कांहीं निराळेंच आढळलें. गणेश दैवज्ञांचे वडील केशव दैवज्ञ यांनीं स्वतः ग्रहांचे वेध घेतले होते आणि कोणत्या सिद्धांताचा कोणता ग्रह आकाशाशीं जुळतो व कोणता जुळत नाहीं, हें लिहून ठेविलें होतें. त्यांच्या आधींच्या आचार्यांनींही आपापल्या काळीं मागील मानांत फेरफार केलेले होते. ज्यांच्या नांवावर सुधारणेस विरोध चालला होता, ते पूर्वजच सुधारक निघाले. आकाशाशीं ताळा पाहून मान दुरुस्त करणें हाच आमच्या ज्योतिषाचा जुना संप्रदाय असून, न पाहतां तेंच गिरवीत बसणें ही अलीकडची झोंप आहे, हें दीक्षितांच्या संशोधनावरून दिसून येतें. आमच्या मतें त्यांच्या साऱ्या कार्याचें सार एवढेंच आहे.

दक्षिणा प्राइज कमिटीनें पंचांगांच्या इतिहासावर ग्रंथ मागविला होता. त्या निमित्तानें हातीं घेतलेलें काम वाढत जाऊन १८९६ मध्यें 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ पुण्यास प्रसिद्ध झाला. वेदकाल, वेदांगकाल व सिद्धांतकाल असा हजारों वर्षांचा पट त्यांत उलगडला आहे. शतपथ ब्राह्मणांत कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत असा उल्लेख आहे; ही स्थिति आकाशांत केव्हां असेल याचें गणित करून दीक्षितांनीं तो काळ इ. स. पूर्वीं सुमारें ३००० वर्षें ठरविला. हें अनुमान सर्व विद्वानांनीं मान्य केलें नाहीं, आणि तो वाद पुढेंही चालू राहिला. परंतु याच ग्रंथकारानें वेदांत मेषादि राशींचीं व सात वारांचीं नांवें कोठेंही सांपडत नाहींत, हेंही तितक्याच स्पष्टपणें लिहिलें. स्वदेशाच्या कैवारानें जमेची बाजू फुगविली नाहीं आणि नांवें ठेवणाऱ्यांच्या भीतीनें ती घटविलीही नाहीं. आमचें सर्व गणित ग्रीकांकडून आलें असें म्हणणाऱ्यांस त्यांनीं टॉलेमीचीं व आमच्या सिद्धांतांचीं मानें समोरासमोर ठेवून उत्तर दिलें. त्यासाठीं आवाज चढवावा लागला नाहीं.

वकिलीच्या धंद्यांतील माणसास दीक्षितांचें आणखी एक काम विशेष रुचेल. गुप्त राजांचा संवत् केव्हां सुरू झाला यावर विद्वानांत शतकांचें अंतर होतें. अल्बेरूणीनें तो शककालानंतर २४१ वर्षांनीं सुरू झाल्याचें लिहिलें होतें, पण त्याची साक्ष खरी मानावी कीं नाहीं हाच प्रश्न होता. इंग्रज पंडित फ्लीट हे गुप्तांचे लेख संपादित करीत असतां त्यांनीं हें गणित दीक्षितांकडे सोंपविलें. सागर जिल्ह्यांतील एरण येथें बुधगुप्ताच्या काळचा स्तंभ आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, असा दिनांक कोरला आहे. हिशोब केला असतां ती तिथि आणि तो वार २१ जून ४८४ या दिवशीं एकत्र येतात. म्हणजे ३१९ हा अंतराचा आंकडा बरोबर बसतो, आणि अल्बेरूणीच्या शककालाचे ७८ व पुढचीं २४१ मिळूनही ३१९ च होतात. एकच वार जुळला तर तो योगायोग असूं शकेल, कारण वार सातच आहेत; म्हणून दुसऱ्या लेखांचीही जबानी घेतली गेली. कांहीं ताम्रपटांत गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रांतील संवत्सरांचीं नांवें येतात. तीं नांवें गुरूच्या उदयावरून कशीं पडत, हें दीक्षितांनीं शोधून काढलें आणि तोही पुरावा जुळविला. अनेक स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगूं लागल्यावर निकाल लागण्यास अडचण उरत नाहीं.

हा वाद दूरच्या राजांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. १८८८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या फ्लीटच्या त्याच संग्रहांत आमच्या वऱ्हाडांतील चम्मक येथें सांपडलेला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट छापला आहे. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राटाची कन्या. गुप्तांचा काळ नक्की झाल्यावांचून विदर्भाच्या या राजवंशाचा काळ ठरविण्यास भक्कम आधार मिळत नव्हता. आमच्या प्रांताच्या इतिहासाचा पाया घालण्यास त्या मराठी शिक्षकाचे आंकडे असे उपयोगी पडले आहेत. पुढें रॉबर्ट स्यूएल यांच्यासमवेत त्यांनीं हिंदू व मुसलमानी तारखांचें इंग्रजी तारखांत रूपांतर करण्याचीं कोष्टकें तयार केलीं. तो ग्रंथ १८९६ मध्यें लंडनला निघाला आणि शिलालेख वाचणाऱ्यांस नित्याचें साधन झाला.

आतां पंचांगाच्या प्रश्नाकडे वळूं. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षित हे सायन पक्षाचे होते. ऋतूंचें वर्ष सूर्याच्या संपातापासून संपातापर्यंतचें असतें. ताऱ्यांवरून मोजलेलें निरयन वर्ष त्याहून सुमारें २० मिनिटांनीं मोठें असतें. वीस मिनिटें कोणास मोठीं वाटणार? पण व्याजावर व्याज चढावें तसा हा फरक सुमारें ७० वर्षांत एक दिवसाचा होतो. त्यामुळेंच सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे वळत असतां आम्ही मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस करितों. आमचे शेतकरी जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग धरितात. निरयन गणनाच चालू राहिली तर आणखी दोन हजार वर्षांनीं तो मृग जुलैच्या आरंभीं जाईल. पाऊस मात्र सूर्याचें ऐकेल, नक्षत्राच्या नांवाचें ऐकणार नाहीं.

दीक्षितांचा हा पक्ष लोकांनीं उचलला नाहीं. स्वतंत्र भारताच्या सरकारनें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि २२ मार्च १९५७ पासून ऋतूंस धरून चालणारी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली. ती सरकारी कागदांवर छापली जाते, पण बाजारांत तिची तारीख कोणास विचारली तर सांगतां येत नाहीं. आजचीं प्रचलित पंचांगें ग्रहणाची वेळ बिनचूक देतात, हा छत्रे-दीक्षितांच्या पिढीचा विजय होय. वर्षमानाचा प्रश्न मात्र जेथल्या तेथेंच आहे.

एप्रिल १८९८ मध्यें, वयाचीं पंचेचाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, दीक्षित पुण्यास निवर्तले. त्यांच्या ग्रंथाचीं पुढें हिंदी व इंग्रजी भाषांतरें झालीं. ज्या भाषेंत तो प्रथम लिहिला गेला, त्या भाषेच्या किती घरांत तो आहे, याचें उत्तर प्रत्येकानें आपल्या कपाटाकडे पाहून द्यावें.

पूर्वजांच्या नांवाचा जयघोष करणें सोपें आहे आणि त्यांस अडाणी ठरविणें त्याहून सोपें आहे. दोहोंसही पोथी उघडावी लागत नाहीं. आमच्या गांवांतील जुन्या वाड्यांत आणि पेढ्यांवर बासनांत बांधलेल्या पोथ्या, जुनीं पंचांगें, मोडी दप्तरें असतील, तीं रद्दीच्या तागडींत जाण्यापूर्वीं कोणा जाणत्यास दाखवावीं, अशी आमची विनंती आहे. शिक्षकांसही एक सूचना करितों. शाळेच्या अंगणांत शंभर सेंटिमीटरांची सरळ काठी उभी करावी आणि डिसेंबर-जानेवारींत मुलांकडून तिची माध्याह्नीची सावली रोज मोजून घ्यावी. आमच्या नेरच्या अक्षांशावर ती २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लांब, म्हणजे सुमारें ९६ सेंटिमीटर भरेल, आणि संक्रांतीपर्यंत ९० च्या जवळपास उतरेल. सूर्य केव्हां वळला हें मुलांस कोणाच्या सांगण्यावरून मानावें लागणार नाहीं.

तिळगूळ वाटूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. तो घेतांना सावलीच्या सहा सेंटिमीटरांचा हिशोब ठाऊक असलेलीं दहा मुलें जरी नेरमध्यें निघालीं, तरी बार्शीच्या त्या मास्तरांचें काम आमच्या गांवांत सुरू झालें असें आम्ही समजूं.