बॅटमॅनचा दुसरा बाप

२०२२ मध्ये मॅट रीव्हजचा ‘द बॅटमॅन’ आला, तेव्हा काहींनी नाकं मुरडली. जवळपास तीन तासांचा सिनेमा, सगळा अंधार, सारखा पाऊस, आणि हा हिरो मारामारीपेक्षा तपासच जास्त करतोय! कॉमिक्स वाचून मोठ्या झालेल्या आम्हा जुन्या फॅन्सना मात्र नेमकं तेच भारी वाटलं. बॅटमॅन मुळात डिटेक्टिव्ह आहे. तो पहिल्यांदा दिसला त्या मासिकाचं नावच ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’. आणि त्याला गुन्ह्याचा माग काढायला लावणारा लेखक होता बिल फिंगर. बॅटमॅन जगभर पोचला, पण बिलचं नाव सिनेमाच्या पडद्यावर यायला २०१६ उजाडावं लागलं.

बिलचा जन्म ८ फेब्रुवारी १९१४ चा, अमेरिकेतल्या डेन्व्हरचा. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आलं. १९३३ मध्ये तो हायस्कूल पास झाला, तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. लेखक व्हायचं डोक्यात होतं, पण पोटासाठी बुटांच्या दुकानात पार्टटाइम सेल्समनगिरी करावी लागत होती. एका पार्टीत त्याची गाठ पडली बॉब केन या चित्रकाराशी. केन चित्रं काढणार, बिल गोष्टी लिहिणार, आणि विकताना नाव फक्त केनचं. बिलला पैसे केनच देणार. थोडक्यात, घोस्ट रायटिंग.

१९३८ मध्ये सुपरमॅन हिट झाला आणि प्रकाशकांना तसाच आणखी एक हिरो हवा होता. केनने स्केच केलं आणि बिलला दाखवलं. लाल कपडे, डोळ्यांवर छोटीशी पट्टी, पाठीला ताठ पंख. बिलने ते पाहून सुधारणा सुचवल्या. पट्टीऐवजी वटवाघळाच्या कानांचा मुखवटा घाल, पंख काढून केप दे, हातमोजे दे आणि लाल रंग काढून टाक. आज टी-शर्टवर दिसतो तो बॅटमॅन इथे तयार झाला. पहिली गोष्टही बिलनेच लिहिली, मे १९३९ च्या अंकात. तिचं कथानक ‘द शॅडो’ या गाजलेल्या मालिकेतल्या एका कथेवर बेतलेलं होतं, हेही खरं. पण त्यानंतर त्याने जे उभं केलं, ते त्याचं स्वतःचं होतं.

ब्रूस वेन हे नाव बिलचं. गॉथम हे शहराचं नाव त्याला टेलिफोन डिरेक्टरीतल्या एका ज्वेलर्सच्या नावावरून सुचलं. कमिशनर गॉर्डन पहिल्याच गोष्टीत आला. रॉबिन, जोकर, कॅटवूमन, पेंग्विन, रिडलर या सगळ्यांच्या घडणीत बिलचा हात होता. नोलनच्या सिनेमाचं ‘द डार्क नाइट’ हे नावसुद्धा बिलने १९४० च्या एका गोष्टीत वापरलेलं. तो खिशात वह्या बाळगायचा आणि चमत्कारिक माहिती दिसली की टिपून ठेवायचा. गोष्ट पर्फेक्ट होईपर्यंत हातातून सोडायचा नाही, त्यामुळे डेडलाइन मात्र हमखास चुकायची.

केनने प्रकाशकांशी करार केला तेव्हा बॅटमॅनचा निर्माता म्हणून एकट्याचं नाव कायमचं लिहून घेतलं. बिलकडे ना करार होता, ना भांडायचा स्वभाव. वर्षानुवर्षं तो लिहीत राहिला आणि अंकावर नाव केनचं छापून येत राहिलं.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॉमिक्स संमेलनात बिल फॅन्ससमोर बोलला. जेरी बेल्स नावाच्या फॅनने त्याच्या कामाविषयी लेख लिहिला, तर केनने खुलं पत्र लिहून सगळं नाकारलं. १९६६ मध्ये सुरू झालेल्या टीव्ही मालिकेतली दोन भागांची एक कथा बिलने सहलेखकासोबत लिहिली. बॅटमॅनच्या पडद्यावर त्याला जिवंतपणी मिळालेलं क्रेडिट तेवढंच. १८ जानेवारी १९७४ ला, साठीही गाठायच्या आत, तो गेला. पैशाने तंगीत आणि कॉमिक्सच्या जगाबाहेर जवळपास अनोळखी.

१९८९ मध्ये टिम बर्टनचा ‘बॅटमॅन’ तुफान चालला. क्रेडिट्समध्ये नाव एकट्या केनचं. त्याच सुमारास आलेल्या आत्मचरित्रात केनने बिलला श्रेय मिळायला हवं होतं हे मान्य केलं, पण करार तसाच राहिला. पुढे मार्क टायलर नोबलमन या लेखकाने बिलचं आयुष्य खणून काढलं आणि त्याची नात शोधली. २०१२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. नातीने पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये डीसीने बिलचं नाव द्यायचं कबूल केलं.

२०१६ चा ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ हे नाव असलेला पहिला सिनेमा. एरवी आम्ही फॅन्स त्या सिनेमावरून आजही भांडतो. बॅटमॅन इतका सरळ माणसं मारतो हे अनेकांना पटलेलं नाही, मलाही नाही. पण त्यातली ती एक ओळ बघितली की त्याला बरंच काही माफ करावंसं वाटतं. तिथेही बिल ‘केनसोबत’ म्हणूनच येतो, बरोबरीने नाही, ही रुखरुख आहेच.

म्हणून बॅटमॅनचा नवा सिनेमा आला की मी बजेट किंवा हिरोचे मसल्स बघत नाही. त्यात बिलचा डिटेक्टिव्ह किती उरलाय, ते बघतो. रीव्हजच्या सिनेमात रिडलर कोडी घालतो, पेंग्विन कारस्थानं करतो, कॅटवूमन छपरांवरून पळते आणि शेजारी गॉर्डन उभा असतो. सगळी बिलचीच माणसं.

ज्या पो पार्कमध्ये बिल आणि केन बॅटमॅनच्या गप्पा मारत बसायचे, त्याच्या शेजारच्या रस्त्याला २०१७ मध्ये बिल फिंगरचं नाव दिलं गेलं. आणि तुमच्या ग्रुपमध्येही एखादा बिल असेलच. प्रोजेक्ट तो करतो आणि प्रेझेंटेशन दुसराच देतो. पहिल्या स्लाइडवर त्याचं नाव टाका. त्यासाठी शहात्तर वर्षं कशाला थांबायचं?