रिचर्ड शोप

रिचर्ड एडविन शोप (जन्म: २५ डिसेंबर १९०१, दे मॉईन, आयोवा, अमेरिका, मृत्यू: २ ऑक्टोबर १९६६) हे अमेरिकन वैद्यक आणि विषाणुशास्त्रज्ञ होते. डुकरांमधील इन्फ्लुएंझाचा विषाणू त्यांनी प्रथम वेगळा केला. रानसशांच्या अंगावरील चामखिळी विषाणूमुळे होतात, हे त्यांनी १९३३ साली सिद्ध केले. हा विषाणू आज शोप पॅपिलोमा विषाणू या नावाने ओळखला जातो. याच चामखिळींचे पुढे कर्करोगात रूपांतर होते, असे नंतर आढळले. त्यामुळे सस्तन प्राण्यांतील कर्करोगाचा विषाणूशी संबंध जोडणारा पहिला भक्कम पुरावा शोप यांच्या कामातून मिळाला, असे मानले जाते. गर्भाशयमुखाच्या आणि शिश्नाच्या कर्करोगाचा मानवी पॅपिलोमा विषाणूशी (एचपीव्ही) असलेला संबंध त्यांच्या मृत्यूनंतर स्पष्ट झाला; त्या संशोधनाची एक महत्त्वाची पूर्वपीठिका शोप यांच्या सशांवरील प्रयोगांत सापडते.

प्रारंभिक जीवन

शोप यांचे बालपण आयोवा राज्यात गेले. त्यांचे वडील डॉक्टर होते. शेती, पशुपालन आणि शिकार यांच्याशी लहानपणापासून आलेला संबंध त्यांच्या पुढील संशोधनाला उपयोगी पडला. १९२४ साली त्यांनी आयोवा विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. १९२५ मध्ये ते न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे रॉकफेलर संस्थेच्या प्राणिविकृतिशास्त्र विभागात रुजू झाले. तेथे पॉल लुईस हे त्यांचे ज्येष्ठ सहकारी व मार्गदर्शक होते. त्याच वर्षी हेलन एलिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे पुत्र रॉबर्ट शोप हेही पुढे नामांकित विषाणुशास्त्रज्ञ झाले.

डुकरांचा इन्फ्लुएंझा

शोप आयोवातील डुकरांच्या रोगांचा अभ्यास करीत असताना, १९१८ च्या महासाथीच्या सुमारास प्रथम दिसलेला डुकरांचा श्वसनरोग त्यांच्या नजरेस आला. आजारी डुकरांच्या श्वसनमार्गातून लुईस आणि शोप यांनी एक जिवाणू वेगळा केला. परंतु केवळ त्या जिवाणूने निरोगी डुकरांना खरा आजार होत नसे. १९२९ साली ब्राझीलमध्ये पीतज्वरावर काम करीत असताना लुईस यांना त्याच रोगाची लागण झाली आणि त्यांचे निधन झाले. शोप यांनी काम पुढे चालू ठेवले. अतिसूक्ष्म गाळणीतून, म्हणजे जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून, गाळलेल्या द्रवातही रोगकारक घटक असतो, असे त्यांना दिसले. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९३३ साली लंडनमध्ये मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा करण्यात आला. त्यानंतर शोप यांनी माणसांच्या रक्तद्रवाचा अभ्यास करून १९१८ ची साथ आणि डुकरांचा विषाणू यांमधील नात्याकडे लक्ष वेधले.

गाळलेल्या द्रवाने आजार होतो का, हे पाहण्याची हीच पद्धत त्यांनी पुढे गाठींच्या अभ्यासातही वापरली.

शिंगे असलेले ससे

उत्तर अमेरिकेतील कॉटनटेल जातीच्या काही रानसशांच्या डोक्यावर व मानेवर काळसर, कठीण, शिंगांसारखी वाढ दिसते. शिकाऱ्यांना असे ससे परिचित होते. शिंगाळ्या सशाच्या अमेरिकन लोककथांमागे असेच रोगग्रस्त ससे असावेत, असे अनेकजण मानतात. शोप यांनी १९३२ साली प्रिन्स्टन परिसरातील एका रानसशाच्या पायांवरील गाठींतून तंतुअर्बुदाचा विषाणू वेगळा केला होता. त्यानंतर ते मध्य-पश्चिमेकडील या शिंगाळ्या सशांकडे वळले.

ही वाढ म्हणजे त्वचेच्या चामखिळी होत्या. शोप यांनी त्यांचा अर्क काढून गाळला आणि निरोगी सशांच्या खरवडलेल्या त्वचेवर लावला. काही आठवड्यांत तेथे चामखिळी उगवल्या. गाळलेल्या द्रवात पेशी वा जिवाणू नसल्याने कारण विषाणूच असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. १९३३ साली त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. माणसाच्या साध्या चामखिळी गाळलेल्या अर्काने संक्रमित होतात, हे इटलीतील ज्युसेप्पे चुफो यांनी १९०७ मध्येच दाखवले होते. मात्र चामखीळ हा निरुपद्रवी विकार असल्याने त्याचा कर्करोगाशी संबंध कोणी लावला नव्हता.

दडून बसणारा विषाणू

प्रयोगांत एक विसंगती दिसून आली. रानसशांच्या चामखिळींतून विषाणू मिळत असे आणि तो पाळीव सशांनाही चामखिळी आणत असे. पाळीव सशांच्या चामखिळींच्या अर्काने मात्र पुढील सशाला सहसा लागण होत नसे. गाठ वाढत होती, सशाच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडेही तयार होत होती. फक्त विषाणू हाती लागत नव्हता.

शोप यांनी हे साहित्य रॉकफेलर संस्थेच्या न्यूयॉर्क शाखेतील पेटन राउस यांना दिले. राउस यांनी १९११ साली कोंबड्यांमधील एका कर्करोगाचे कारण विषाणू असल्याचे दाखवले होते. परंतु पक्ष्यांमध्ये दिसलेली गोष्ट सस्तन प्राण्यांना लागू होईल, हे बहुतेकांना मान्य नव्हते. राउस आणि त्यांचे सहकारी जोसेफ बिअर्ड यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास दाखवले की पाळीव सशांमधील या चामखिळी काही महिन्यांनी आक्रमक कर्करोगात बदलतात आणि शरीरात अन्यत्र पसरतात. या कर्करोगांतूनही संसर्गक्षम विषाणू सहसा मिळत नसे. तो नाहीसा झाला आहे की दडून राहिला आहे, हा वाद पुढे बराच काळ चालला.

गाठीत विषाणू सापडत नाही, म्हणून तो कारण असू शकत नाही, असा युक्तिवाद त्या काळी करता येत असे. या वादाचे उत्तर नंतरच्या रेण्वीय जीवशास्त्राने दिले. पॅपिलोमा विषाणूचे नवे कण त्वचेच्या सर्वांत वरच्या, परिपक्व थरातच तयार होतात. अपरिचित यजमानात किंवा कर्करोगाच्या पेशींत ही प्रक्रिया पूर्ण होत नाही. मात्र विषाणूचा डीएनए पेशीत टिकून राहतो आणि तिच्या वाढीवर परिणाम करीत राहतो.

शोप यांनी १९३७ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषाणू त्वचेवर न लावता पोटाच्या पोकळीत टोचल्यास सशाला चामखिळी होत नाहीत, उलट त्याच्यात प्रतिकारशक्ती निर्माण होते, असे त्यात दिसले.

युद्धकाळ आणि उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात शत्रू बुळकांडी रोगाचा वापर करून गोधन नष्ट करील, अशी भीती अमेरिका व कॅनडा यांना वाटत होती. त्यासाठी क्वेबेकजवळील ग्रोस ईल बेटावर उभारलेल्या संयुक्त संशोधन केंद्राचे काम शोप यांनी पाहिले. तेथे कोंबडीच्या अंड्यांतील भ्रूणात विषाणू वाढवून बुळकांडीची लस तयार करण्यात आली. पुढे अमेरिकन नौदलात असताना ते पॅसिफिक प्रदेशात होते. ग्वाम येथे पत्नीच्या छायाचित्राच्या आवरणावर आलेल्या बुरशीपासून त्यांनी विषाणूंविरुद्ध गुणकारी असलेला एक पदार्थ मिळवला आणि पत्नीच्या नावावरून त्याला हेलेनिन असे नाव दिले.

१९४९ ते १९५२ या काळात ते मर्क संस्थेत होते. त्यानंतर ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत परतले. १९४० साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी राउस यांना कर्करोगकारक विषाणूंच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मानवी पॅपिलोमा विषाणू आणि शिश्नाचा कर्करोग

शोप यांच्या हयातीत माणसाच्या जननेंद्रियांच्या कर्करोगात पॅपिलोमा विषाणूचा हात असल्याचे सिद्ध झाले नव्हते. हा विषाणू प्रयोगशाळेतील साध्या पेशीसंवर्धनात वाढत नाही आणि कर्करोगात त्याचे कण सहसा दिसत नाहीत. म्हणजे पाळीव सशात आलेली अडचण येथेही होती. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी कणांऐवजी विषाणूच्या डीएनएचा शोध घेतला. त्यांच्या गटाने १९८३ साली एचपीव्ही-१६ आणि १९८४ साली एचपीव्ही-१८ हे प्रकार कर्करोगाच्या ऊतींतून वेगळे केले. १९८३ च्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबरोबरच शिश्नाच्या कर्करोगाच्या काही नमुन्यांतही एचपीव्ही-१६ चा डीएनए आढळला. या कार्यासाठी त्सुर हाउसेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिश्नाचा कर्करोग हा दुर्मीळ आजार आहे. २०२० मध्ये जगभरात त्याचे सुमारे ३६ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता. यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठींत एचपीव्ही आढळतो आणि त्यात १६ क्रमांकाचा प्रकार सर्वाधिक असतो. या विषाणूची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या पी-५३ आणि आरबी या प्रथिनांना निष्प्रभ करतात. उरलेल्या रुग्णांत शिश्नमुंडावरील त्वचा मागे न सरकणे, दीर्घकाळचा दाह, काही त्वचाविकार आणि धूम्रपान ही कारणे प्रामुख्याने दिसतात. एचपीव्हीची लागण झालेल्या बहुतेकांमध्ये शरीर काही काळात विषाणूवर मात करते; लागण दीर्घकाळ टिकून राहिलेल्या मोजक्या व्यक्तींतच कर्करोगाचा धोका उरतो.

वारसा

एचपीव्ही लसीच्या विकासात शोप यांचा ससा पुन्हा उपयोगी पडला. विषाणूचा डीएनए नसलेले, केवळ बाह्य कवचाच्या प्रथिनापासून बनवलेले कण टोचल्यास सशांचे शोप पॅपिलोमा विषाणूपासून रक्षण होते, असे १९९५ मध्ये दाखवण्यात आले. याच तत्त्वावर बनलेली एचपीव्ही लस २००६ मध्ये वापरात आली. पुढे अनेक देशांनी ती मुलग्यांनाही देण्यास सुरुवात केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने सर्वाव्हॅक ही भारतीय बनावटीची लस २०२३ मध्ये बाजारात आणली. ही लस लागण टाळते. आधी झालेली लागण किंवा कर्करोग ती बरा करीत नाही.

शोप पॅपिलोमा विषाणू आजही पॅपिलोमा विषाणूंच्या संशोधनात प्रायोगिक नमुना म्हणून वापरला जातो. गाठीत विषाणू न सापडणे हा तो कारण नसल्याचा पुरावा ठरत नाही, ही गोष्ट याच विषाणूच्या अभ्यासातून प्रथम ठळकपणे पुढे आली.