दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै, १९०७ – २९ जून, १९६६) हे गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्राचे अभ्यासक, संस्कृत ग्रंथांचे संपादक आणि इतिहासकार होते. बौद्ध वाङ्मयाचे पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या विद्याशाखांत एकाच व्यक्तीच्या लेखनाचे संदर्भ आजही दिले जातात, असे उदाहरण महाराष्ट्रात विरळा. मात्र या वाचकवर्गांचा एकमेकांशी फारसा परिचय नाही. पिकांचे आनुवंशिक नकाशे काढणारा संशोधक कोसंबी हे नाव नित्य वापरतो. प्राचीन भारतावरील त्यांचा ग्रंथ त्याने पाहिलेला असतोच असे नाही.

जीवन

कोसंबी यांचा जन्म गोव्यात झाला. वडिलांबरोबर ते बालपणीच अमेरिकेस गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले. भारतात परतल्यावर त्यांनी प्रथम बनारस व नंतर अलीगढ येथे अध्यापन केले. १९३३ ते १९४५ ही बारा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. १९४५ मध्ये होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. बिऱ्हाड मात्र पुण्यातच राहिले. दख्खनच्या राणीने त्यांची ये-जा चाले.

त्यांच्या १९३१ च्या एका निबंधात बूर्बाकी नामक गणितज्ञाच्या दुसऱ्या प्रमेयाचा उल्लेख आहे. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. आंद्रे वेल यांच्या सूचनेवरून केलेला तो विनोद होता. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने हेच नाव धारण करून ते जगप्रसिद्ध केले.

संशोधन व त्याचे संदर्भमूल्य

कोसंबींच्या लेखनापैकी विज्ञानात सर्वाधिक वापरला गेलेला निबंध अवघ्या चार पानांचा आहे, आणि तो त्यांच्या मुख्य विषयातील नाही. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधात गुणसूत्रावरील दोन जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र दिले आहे. जनुकांची फेरजुळणी किती संततीत झाली यावरून हे अंतर काढतात; पण अंतर जास्त असल्यास मध्ये दोनदा अदलाबदल होऊन ती दिसेनाशी होते. हॅल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात अशा अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या होत्या. प्रत्यक्षात एका ठिकाणची अदलाबदल जवळच्या दुसरीला अडथळा करते, आणि अंतर वाढेल तसा हा अडथळा ओसरतो. कोसंबींनी हे हिशेबात घेतले. फेरजुळणीचे प्रमाण २० टक्के असेल, तर हॅल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. भात, गहू, ज्वारी यांच्या जनुकीय नकाशांसाठी हे सूत्र सर्रास वापरले जाते. अनेक लेखक सूत्राचे नाव देतात, मूळ निबंधाचा निर्देश करीत नाहीत. त्यामुळे संदर्भांची नुसती मोजदाद केल्यास या कामाचा खरा पसारा कळत नाही.

याच्या उलट दैव १९४३ च्या निबंधाचे. यादृच्छिक प्रक्रियेचे विघटन करण्याची जी पद्धत त्यात आहे, ती पुढे करहुनेन आणि लोएव यांच्या नावाने रूढ झाली. या दोघांचे काम नंतरचे आहे. चित्रे व संदेश यांच्या संक्षेपणात ती पद्धत उपयोगी पडते. तिच्या नावाला कोसंबींचे नाव जोडण्याची प्रथा अलीकडची व अपुरी आहे. भूमितीत मात्र कार्तान व चर्न यांच्यासह त्यांचे नाव एका सिद्धान्तास लाभले.

संख्याशास्त्र त्यांनी इतिहासातही आणले. चलनात फिरताना नाणे झिजते, या साध्या गोष्टीवरून त्यांनी प्राचीन आहत नाण्यांची वजने घेऊन त्यांचा कालक्रम लावला. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये निघाली. १९५६ चा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ इतिहासकारांच्या दोन पिढ्यांनी आधारभूत मानला.

पुण्याच्या परिसरात पायी हिंडून ते सूक्ष्म पाषाण-हत्यारे गोळा करीत, आणि धनगरांच्या वाटा व देवींची ठाणी यांची सांगड घालीत. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, डेक्कन महाविद्यालयाने शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे उत्खनन सुरू केले. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत शिरोहीन स्त्रीमूर्ती व बैल सापडले. शिरूर–दौंडच्या पर्जन्यछायेतील शेती, पशुपालन आणि मातृदेवता यांचा एकत्र विचार करताना कोसंबींचे लेखन डावलता येत नाही.

अखेरची वर्षे

१९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात त्यांनी रीमान गृहीतकासंबंधी सिद्धतेचा दावा केला. तो टिकला नाही, आणि गणितज्ञांमध्ये त्यांची प्रतिष्ठा उणावली. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कार केल्याने भाभांशी मतभेद होतेच. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत सन्मान्य शास्त्रज्ञ म्हणून काम करीत. पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. त्याआधी काही दिवस त्यांनी मूळ संख्यांवरील पुस्तकाचे हस्तलिखित प्रकाशकाकडे धाडले होते. ते प्रसिद्ध झाले नाही.