‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे

होसकोटे हे नाव मराठी इतिहासाला नवे नाही. विजापूरच्या आदिलशाहीकडून शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर मिळाली, तीत बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांतून हा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगितलाही पाहिजे. परंतु तलवारीचा इतिहास सांगताना लेखणीचा इतिहास मागे पडतो, असे आम्हांस वाटत आले आहे. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांचे स्मरण करावे, असे आम्ही योजिले. त्यांचे नाव ऐकलेली घरे पुष्कळ. त्यांचे लेखन वाचलेली फार थोडी. याचा दोष सर्वस्वी वाचकांच्या माथी मारता येणार नाही, हे पुढील हकीकतीवरून ध्यानात येईल.

शिवरामपंतांचा जन्म २७ जून १८६४ रोजी महाड येथे झाला. (ज्या महाडात पुढे १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला, तेच हे गाव.) संस्कृत हा त्यांचा आवडीचा विषय. त्यात त्यांनी एम. ए. केले आणि पुण्यात अध्यापकी पत्करली. विद्वान प्राध्यापक म्हणून त्यांचे आयुष्य सुखासमाधानात गेले असते. पण १८९७ साल उजाडले ते प्लेग घेऊन. रोगनिवारणाच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून मांडलेला उच्छाद, त्यातून रँडचा खून, आणि पाठोपाठ ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना दीड वर्षाची शिक्षा. सरकार एवढ्यावर थांबले नाही. १८९८ साली राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले. जुन्या संपादकांनीही शब्द तोलूनमापून लिहावा, असा तो समय. नेमक्या त्याच वर्षी, मार्च महिन्यात, शिवरामपंतांनी ‘काळ’ साप्ताहिक सुरू केले!

उघड बोलण्याची चोरी झाली, की भाषा आडवाट शोधते. शिवरामपंतांची वक्रोक्ती ही अशी आडवाट होती. ते इंग्रजी राज्याची स्तुती आरंभीत, ती इतकी वाढवीत नेत की वाचकाला हसू फुटे आणि हसता हसता संताप येई. कधी पुराणातला राक्षस, कधी परदेशाचा इतिहास असा विषय घेऊन लेख सुरू होई. वाचणाऱ्याला मात्र तो आपल्याच दारातला वाटे. कायद्याने शब्द पकडता येतात, सूर पकडणे अवघड जाते. ‘काळ’ दहा वर्षांहून अधिक चालले त्याचे इंगित पुष्कळसे यात आहे. अलंकारांचा सोस, लांबत जाणारी उपरोधाची वळणे आजच्या वाचकास कंटाळवाणी वाटतील, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि, तो सोस कोणत्या पहाऱ्याखाली जोपासला गेला, हेही विसरता कामा नये.

१९०८ च्या एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बाँब फुटला. जूनमध्ये सरकारने छापखाने जप्त करण्याचा अधिकार देणारा कायदा केला, आणि त्याच महिन्यात शिवरामपंतांना अटक झाली. त्यांच्या खटल्याच्या साह्यासाठी टिळक मुंबईस गेले असता २४ जून रोजी त्यांनाही तेथेच पकडण्यात आले. जुलैत शिवरामपंतांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. टिळकांना सहा वर्षांची.

त्या वेळी होसकोटे ज्या म्हैसूर संस्थानात होते, तेथेही १९०८ सालीच वृत्तपत्रांचे नियमन करणारा कायदा आला. पत्र काढावयाचे तर सरकारची परवानगी हवी, आणि ती काढून घेण्याचा अधिकारही सरकारचाच! एम. वेंकटकृष्णय्यांसारख्या आदरणीय संपादकांनी त्यास विरोध केला. हा कायदा आणणारे दिवाण व्ही. पी. माधवराव हे कुंभकोणमकडील मराठी घराण्यातले होते, हे नमूद करताना आम्हांस संकोच वाटतो. पण इतिहासात आपली माणसे दोन्ही बाजूंना असतात.

शिवरामपंत १९०९ साली सुटले. पुढच्या वर्षी नवा प्रेस ॲक्ट आला, जबर जामीन मागण्यात आला आणि ‘काळ’ बंद पडले. निवडक निबंधांचे खंड सरकारने जप्त केले. ज्यांच्या घरी ते होते, त्यांनी ते लपविले किंवा जाळले. ऐन उमेदीतील पिढीला हा लेखक ऐकीव माहितीवरच भेटला.

याहून कमी सांगितली जाते ती मुळशीची गोष्ट. टिळकांच्या निधनानंतर त्यांचे अनेक अनुयायी गांधीजींपासून फटकून राहिले. शिवरामपंत असहकारितेत सामील झाले. १९२० साली त्यांनी ‘स्वराज्य’ हे साप्ताहिक काढले होते. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीचे धरण होऊ घातले होते, मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी. पन्नासाच्या आसपास गावांतील मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या. त्यांना रोख मोबदला गोड वाटला. कसणाऱ्याच्या हाती काय उरणार, हे विचारणारे थोडे. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे त्याचे आधारस्तंभ. परक्या सरकारविरुद्ध लिहिणे एक वेळ सोपे, पण येथे भांडवल स्वदेशी होते आणि सुशिक्षित पुण्याचे मन द्विधा होते. शिवरामपंतांनी मावळ्यांची बाजू घेतली आणि १९२२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाच्या सुमारास, सहा महिन्यांचा तुरुंगवास पत्करला. होसकोट्याच्या कारखान्यांवर आमच्यापैकी अनेकांची रोजीरोटी चालते. कोणाच्या शेतावर ते उभे राहिले, हा प्रश्न आमच्याही मनात कधीमधी येतो.

मुळशीचा लढा हरला, धरण झाले. शिवरामपंतांनी अखेरची वर्षे मराठ्यांच्या लढायांचा इतिहास लिहिण्यात घालविली. तो ग्रंथ १९२८ साली निघाला. दुसऱ्या वर्षी बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि २७ सप्टेंबर १९२९ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या निबंधांसाठी बेळगावने त्यांना उच्चासनावर बसविले, ते निबंध त्या दिवशीही सरकारजमाच होते.