पाणी वाटणारा अभियंता : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा हा जन्मदिवस. कृष्णराजसागर धरणाचे शिल्पकार, म्हैसूरचे दिवाण आणि १९५५ चे भारतरत्न एवढी त्यांची ओळख शाळेतच होते. पण या कानडी माणसाच्या नोकरीचा श्रीगणेशा आपल्या नाशिकात झाला, हे मला महाविद्यालयात आल्यावर समजले. मग त्यांचे चरित्र मी आपल्याच मुलखातील माणसाचे म्हणून वाचू लागलो.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडील संस्कृतचे शास्त्री. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडील लहानपणीच वारले. आईने धीर सोडला नाही आणि बंगळूरच्या मामांनी आधार दिला. शिकवण्या करीत ते १८८१ मध्ये बी. ए. झाले. संस्थानची शिष्यवृत्ती मिळाल्याने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले. १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने त्यांना सहायक अभियंता म्हणून नाशिकला नेमले.

लवकरच त्यांना खानदेशात धाडण्यात आले. तेथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाटाचे पाणी पैलतीरी न्यायचे होते. ऐन पावसाळा होता. काम पुढे ढकलावे असे त्यांना वाटले, पण वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा त्यांनी कुरकुर न करता पुराशी झुंजत ते तडीस नेले.

ही पांझरा, तसेच मोसम, आरम आणि आपली गिरणा या फड पद्धतीच्या नद्या. नदीवर बंधारा घालायचा, पाट काढायचा, गावाच्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, अशी ही जुनी रीत. दुसऱ्या हंगामात पीक फड बदलते. पाणी पाटकऱ्याने द्यायचे. कोणी स्वतःच्या हाताने दारे फोडायचे नाही. पुढे पुणे भागात नीरा कालव्यावर विश्वेश्वरय्यांनी गट पद्धत सुचवली. कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडावेत, गटाच्या एका भागात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात कमी पाण्याचे पीक घ्यावे आणि ही पिके आळीपाळीने फिरावीत. म्हणजे मोजक्या बागायतदारांनी सारे पाणी उसाला न घेता ते अनेक गावांना पोचावे. फडाचे आणि गटाचे मर्म मला एकच वाटते: पाणी आधी वाटायचे, मग पीक ठरवायचे.

खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठराविक पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडत, उतरले की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. पुढे हैदराबादेत १९०८ मध्ये मुसा नदीला भयंकर पूर आला, तेव्हा पूरनियंत्रणाची योजना आखण्यासाठी निजामाने त्यांनाच बोलावले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. त्यांच्याच कारकिर्दीत १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघाले.

त्यांचा स्वतःचा संसार फुलला नाही, पण आईवर त्यांची निस्सीम भक्ती होती. दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांना एकत्र बोलावले आणि आपल्याकडे कोणाचीही शिफारस आणायची नाही, असे आईसह सर्वांकडून वचन घेतले, अशी आठवण सांगतात. मला हा प्रसंग धरणाइतकाच मोठा वाटतो. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याने जास्त पाणी ओढू नये हा नियम त्यांनी शेतकऱ्याला सांगितला, तसाच स्वतःच्या घरालाही लावला. माया आटली नव्हती. पण मायेपोटी दुसऱ्याची पाळी चुकवायची नाही, एवढा त्यांचा कटाक्ष होता. १९१८ मध्ये मतभेद होताच त्यांनी दिवाणपद सोडले.

कळवण तालुक्यात आज चणकापूर आणि पुनद ही धरणे आहेत. कांद्याच्या हंगामात पाट सुटला की आमच्याकडे रात्र जागती होते. आमचे शेत चारीच्या शेपटाला आहे. पाळी येईपर्यंत पाणी टिकेल की नाही या काळजीने वडील बॅटरी घेऊन बांधावर बसतात. वरच्या अंगाला दारे फोडणारा परका नसतो. कोणी भाऊबंद, कोणी सोयरा. त्याला हटकायचे तर नाते आड येते. इथे नवे धरण नको, विश्वेश्वरय्यांसारखे वचन घेणारा माणूस हवा.

एप्रिल १९६२ मध्ये बंगळुरात हा शतायुषी कर्मयोगी निवर्तला. आपल्यातले काहीजण पुढे अभियंते होतील, काही शेती करतील, काहीजण पाणीवापर संस्थेत बसतील. त्यांना पूल किंवा धरण बांधता आले नाही तरी चालेल. पण स्वतःच्या माणसाची पाळी संपली की त्याचे दारे आपल्या हाताने बंद करण्याचे धैर्य त्यांच्यात यावे. या थोर अभियंत्याला तीच खरी आदरांजली ठरेल.